वीस तारखेच्या ताणाची सोय

ज्यांच्या कामाला तारीख असते, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. माझं काम दुकानदारांचे हिशेब लिहिणं आणि रिटर्न भरणं. महिन्याच्या सातला टीडीएस, अकराला विक्रीचं जीएसटीआर-१, वीसला जीएसटी भरायचं रिटर्न, ३बी. जून, सप्टेंबर, डिसेंबर आणि मार्चमध्ये पंधराला ॲडव्हान्स टॅक्स. त्यात इन्कम टॅक्सच्या ३१ जुलै आणि ३० सप्टेंबर या दोन मोठ्या तारखा. बडोद्याच्या दांडिया बाजारात एका जुन्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावर आमचं ऑफिस, आणि जिना चढता चढताच "बेन, नोटिस आवी छे!" म्हणून ओरडणारे आमचे अशील. तुमची तारीख दुसरी असेल. शाळेचा निकाल, दिवाळीच्या फराळाच्या ऑर्डरी, कर्जाचा हप्ता. पोटात येणारा गोळा मात्र त्याच जातीचा.

मी मानसशास्त्र शिकलेली नाही, कॉमर्सची आहे. पण दर महिन्याला ठरल्या दिवशी घाबरणारी माणसं जवळून पाहायला मिळाली, त्यात आरशातली एक. त्यामुळे या विषयावर जे वाचलं ते लगेच वापरून बघायची सोय होती. बरंचसं सोडून दिलं. जे टिकलं ते इथे आहे.

माझं म्हणणं असं, की ताण घालवायच्या मागे लागू नये. त्याला वेळ आणि जागा नेमून द्यावी. आणि क्रम पाळावा, आधी शरीर, मग कागद, मन सगळ्यात शेवटी. बहुतेक जण उलट करतात. छाती धडधडत असते आणि हे मनाला समजावत बसतात, "शांत हो, शांत हो." त्या घटकेला मन ऐकण्याच्या परिस्थितीतच नसतं.

आधी शरीर

वीस तारखेची संध्याकाळ. पोर्टल गोल गोल फिरतंय, ओटीपी येत नाही, पलीकडे अशील फोनवर आहे. तुम्ही खुर्चीत बसलेले आहात, पण शरीराला ते कळत नाही. त्याच्या लेखी संकट आलं आहे आणि आता एक तर पळायचंय नाही तर भिडायचंय. ॲड्रेनलिन सुटतं, ठोके वाढतात, श्वास वरवरचा आणि भराभर होतो, खांदे कानांकडे चढतात. थोड्या वेळाने कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरकही वाढतं. वॉल्टर कॅनन या अमेरिकन शरीरशास्त्रज्ञाने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ही पळण्या-भिडण्याची यंत्रणा मांडली. यंत्रणा उत्तम आहे, फक्त ३बी भरायला तिचा उपयोग नाही.

यातली हृदयाची गती आपण हुकुमाने कमी करू शकत नाही. श्वास मात्र करू शकतो, आणि श्वासाच्या मागून हृदय येतं. श्वास आत घेताना ठोके थोडे जलद होतात, सोडताना थोडे मंद. हे व्हेगस नावाच्या मज्जातंतूचं काम आहे, आणि बोट मनगटावर ठेवून बसलात तर कित्येकांना स्वतःलाच जाणवतं. तेव्हा युक्ती सोपी आहे. सोडायचा श्वास घ्यायच्या श्वासापेक्षा लांब ठेवायचा.

करायचं असं. दोन्ही पावलं जमिनीवर टेकवा, चपला काढल्या तर बरं. नाकाने चार आकड्यांत श्वास घ्या, सहा आकड्यांत सोडा. आकडे मनात, घाई न करता, साधारण सेकंदाला एक. म्हणजे मिनिटाला सहा श्वास होतात. तीन ते पाच मिनिटं पुरे. खूप मोठा श्वास ओढायची गरज नाही, तसं केलं की गरगरतं. गरगरलंच तर सोडून द्या आणि नेहमीसारखा श्वास घ्या. मध्ये श्वास रोखून धरायचे प्रकार मी मुद्दाम सांगत नाही. रक्तदाब असणाऱ्यांनी आणि गरोदर बायकांनी ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नयेत.

एक गोष्ट फार कमी जण सांगतात. काही माणसांना श्वासाकडे लक्ष दिलं की उलट जास्तच घाबरल्यासारखं होतं. आमच्याकडच्या एका मुलीचं तसं होतं. तिला मी सांगितलं, श्वासाचा नाद सोड, तळपायांकडे लक्ष दे, मग पंख्याचा आवाज ऐक, मग रस्त्यावरचा. तिचं त्यानेच भागतं. दमा असेल तर हाच रस्ता धरा.

दुसरा उपाय खांद्यांचा. एडमंड जेकबसन या डॉक्टरने १९२० च्या दशकात स्नायू एकेक करून आवळून सोडण्याची पद्धत बसवली. त्याचं म्हणणं असं, की आपण स्नायू किती ताणून धरले आहेत हे आपल्याला ठाऊकच नसतं. ते मुद्दाम आणखी ताणले आणि मग सोडले की फरक कळतो. पूर्ण पद्धत लांबलचक आहे. ऑफिसात तीन जागा पुरतात, मुठी, खांदे आणि जबडा. पाच सेकंद आवळा, पंधरा-वीस सेकंद सैल सोडा, प्रत्येकी दोनदा. जबडा विसरू नका. कॉम्प्युटरवर काम करणारी अर्धी माणसं दात आवळून बसलेली असतात आणि संध्याकाळी डोकं दुखतं म्हणून गोळी घेतात.

आणि शक्य असेल तर दहा मिनिटं चालून या. शरीराने पळायची तयारी केलेली असते, तिला थोडी वाट मिळते. मी सूरसागरच्या काठाने जाते. मोबाइल टेबलावर ठेवायचा. चालताना हिशेब सुटला पाहिजे असा आग्रह नको. गाड्यांचे हॉर्न ऐका, लारीवरच्या तळणाचा वास घ्या, पाण्यावरून येणारा वारा कुठल्या गालाला लागतो ते बघा.

मग कागद

धडधड थांबली की लेखणी घ्या. काळजीशी बोलणी करायची ती कागदावर, डोक्यात नाही.

काळजी ही वेळ न घेता आलेल्या अशिलासारखी असते. हाकललं की जिन्यात उभी राहून पुन्हा दार वाजवते. "साडेसहाला या, सगळं ऐकते" म्हटलं की बहुतेक वेळा जाते. हे माझं शहाणपण नाही. टॉमस बोर्कोव्हेक या मानसशास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये हेच तपासलं होतं. रोज अर्धा तास काळजीसाठी राखून ठेवायचा, एकाच वेळी, एकाच जागी. दिवसभरात काळजी डोकावली की तिची फक्त नोंद करायची आणि त्या अर्ध्या तासावर ढकलायची. ज्यांनी हे केलं त्यांचा काळजीत जाणारा वेळ कमी झाला.

जागा आणि वेळ नीट निवडा. बिछाना नको, कारण मग बिछान्याला काळजीची सवय लागते. जेवणाचं टेबल नको, ते इतरांचंही असतं. माझी जागा गॅलरीतली वेताची खुर्ची आहे आणि वेळ साडेसहा. झोपायच्या अगदी आधीची वेळ घेऊ नका.

दिवसभराच्या नोंदी एका छोट्या वहीत. मोबाइलमध्ये लिहायला गेलात तर लिहिण्याआधी तीन मेसेज वाचाल. एका काळजीला एक ओळ. "ठक्करभाईंची बिलं आली नाहीत." "आईचा गुडघा." "विजेचं बिल." साडेसहाला वही उघडायची आणि प्रत्येक ओळीपुढे दोनपैकी एक लिहायचं, हातात आहे किंवा हातात नाही. हातात असेल तर पुढचं एकच पाऊल लिहायचं, वेळेसकट. "बिलं मागवणे" असं लिहू नका. "उद्या अकरा वाजता फोन, दुपारपर्यंत आली नाहीत तर मुलाला पाठवणे" असं लिहा. हातात नसेल तर ती ओळ दुसऱ्या दिवशीवर ढकला. गंमत अशी, की अर्ध्या ओळी साडेसहापर्यंत आपोआप शिळ्या झालेल्या असतात.

हातात नसलेलं म्हणजे काय, हे बडोदेकरांना पावसाळ्यात शिकवावं लागत नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री ३५ फुटांच्या वर गेली, घरांत पाणी शिरलं, नदीतल्या मगरी वस्त्यांमध्ये आल्या. तेव्हापासून जोराचा पाऊस लागला की प्रत्येक सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आजवा तलावाची पातळी किती आणि काळाघोड्याच्या पुलाला नदीचं पाणी कुठवर, याचे आकडे येत राहतात. दर पाच मिनिटांनी आकडा बघितल्याने नदी उतरत नाही, आपला जीव मात्र वर चढतो. मी दोन वेळा ठरवल्या आहेत, सकाळी आठ आणि संध्याकाळी सात, आणि तेही महापालिकेचं अधिकृत निवेदनच बघायचं. खरोखर पाणी दारात यायची वेळ आली तर नियम बाजूला, तेव्हा बघत राहायलाच हवं. हातात असलेली कामं वेगळी आहेत आणि ती जूनमध्येच उरकायची. कागदपत्रं प्लास्टिकच्या पिशवीत घालून माळ्यावर, स्कूटर ठेवायची उंचावरची जागा बघून ठेवणं, टॉर्च, औषधं, पिण्याचं पाणी, जुन्या फायलींचे स्कॅन. ही यादी पुरी झाली की आकड्यांची भूक अर्ध्यावर येते.

कागदाचा आणखी एक उपयोग मला सगळ्यात आवडतो. भीतीची रक्कम काढणे. डोक्यातल्या भीतीला आकडा नसतो, म्हणून ती हवी तेवढी फुगते. आता एक दुकानदार घ्या, ज्याला ३बीमध्ये रोख ४०,००० रुपये भरायचे आहेत, आणि धरून चाला की त्याला तीन दिवस उशीर झाला. लेट फी दिवसाला ५० रुपये, म्हणजे १५०. व्याज वर्षाला १८ टक्के, म्हणजे तीन दिवसांचं साधारण ६०. एकूण दोनशे दहा रुपये. दोनशे दहा रुपयांसाठी माणूस रात्रभर जागतो, बायकोवर खेकसतो, मुलाच्या पाठीत धपाटा घालतो. हे बेरीज करून दाखवलं की समोरचा हसतो, आणि मग कामाला लागतो. कुणी म्हणेल, असं सांगितलं तर लोक उशीर करायला लागतील. माझा अनुभव उलटा आहे. घाबरलेला माणूस फाइल उघडायलाच टाळतो.

नोटिशीचंही तेच. आयुष्यात पहिल्यांदा एएसएमटी-१० ही जीएसटीची नोटीस आलेला माणूस समजतो की आता दुकानाला कुलूप. ती नोटीस म्हणजे तुमच्या आकड्यांमध्ये फरक दिसतोय, खुलासा द्या, इतकंच. त्यासाठी साधारण तीस दिवसांची मुदत असते. म्हणून नोटीस आली की पहिलं काम वाचणं, आणि वाचून तीन ओळी लिहिणं. काय विचारलंय, केव्हापर्यंत, कुठला कागद लागेल. हॉस्पिटलच्या रिपोर्टला, शाळेच्या चिठ्ठीला, बँकेच्या पत्रालाही याच तीन ओळी चालतात.

सगळ्या भीतींची रक्कम दोनशे दहा निघत नाही, हे मला कळतं. काही वेळा बेरीज खरंच मोठी येते. धंदा बुडतोय, घरात आजारपण आहे. पण तेव्हाही मोठा आकडा दिसलेला बरा. कुणाची मदत मागायची आहे ते तरी ठरतं.

आता मन

आमच्या बडोद्याला या विषयात मोठा मान आहे. अरविंद घोष १८९३ ते १९०६ इथे होते, गायकवाडांच्या नोकरीत आणि बडोदा कॉलेजात प्राध्यापक म्हणून. डिसेंबर १९०७ मध्ये सुरतेला काँग्रेसचं अधिवेशन फुटलं, त्यानंतर ते पुन्हा बडोद्याला आले आणि त्यांची गाठ विष्णू भास्कर लेले या मराठी योग्याशी पडली. सरदार मजुमदारांच्या वाड्यात वरच्या मजल्यावर दोघे तीन दिवस बसले. लेल्यांनी सांगितलेली रीत साधी होती. विचार आपल्या आत तयार होतात असं वाटतं, पण नीट पाहिलं तर ते बाहेरून येताना दिसतात. आत शिरण्याआधीच त्यांना परतवायचं. तीन दिवसांत मन निःशब्द झालं, असं अरविंदांनी पुढे लिहून ठेवलं आहे.

ते अरविंद होते. आपल्याला तीन दिवस वाड्याच्या माडीवर कोण बसू देणार? शिवाय मन कोरं होणं हे आपल्यासाठी ध्येय म्हणून ठेवलं, तर दुसऱ्याच दिवशी "मला जमत नाही" म्हणून माणूस उठतो. पण त्या गोष्टीतला पहिला भाग आपल्या उपयोगाचा आहे. विचार येताना दिसणं. परतवायची घाई नको, दिसला तरी पुष्कळ.

बाकी ज्याला आजकाल माइंडफुलनेस म्हणतात त्याचा साचा जॉन कबात-झिन यांनी १९७९ मध्ये अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात बसवला. औषधांनी न भागणाऱ्या जुनाट दुखण्यांच्या रोग्यांसाठी. बौद्ध ध्यानातून घेतलेला, पण धर्म बाजूला ठेवून. तो आठ आठवड्यांचा अभ्यासक्रम आहे आणि घरी रोज पाऊण तास करावा लागतो. आपण रोज दहा मिनिटं करणार असू तर आठ आठवड्यांच्या पाऊण तासाचं फळ मागू नये. दहा मिनिटांनी मिळतं ते असं, की चिडण्याच्या आधी क्षणभर कळतं, आपण चिडतोय. माझ्या धंद्यात तो क्षण फार किमतीचा आहे.

बसायची पद्धत. सकाळी लॅपटॉप उघडण्याआधी. "वेळ मिळाला की करीन" म्हणणाऱ्याला वेळ मिळत नाही, म्हणून एखाद्या ठरलेल्या कामाच्या पाठीला हे बांधा. मी ऑफिसचं कुलूप उघडते, देवाला उदबत्ती लावते आणि खुर्चीत बसते. पाठ ताठ पण आखडलेली नाही, नजर खाली किंवा डोळे मिटलेले. श्वास नाकपुडीला जिथे लागतो तिथे लक्ष. एक-दोन मिनिटांत मन निघून जाईल. गेलं हे कळलं की त्याला एक शब्दाचं नाव द्या, "हिशेब", "भांडण", "भाजी", आणि परत श्वासावर या. नाव देण्याला अर्थ आहे. कॅलिफोर्नियात मॅथ्यू लिबरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ मध्ये दाखवलं, की भावनेला शब्द दिला की मेंदूतल्या अमिग्डला या भागाची खळबळ कमी होते. मात्र नावापुढे जायचं नाही. "भांडण" म्हटलं आणि कुणाचं, कधी, त्याने काय म्हटलं, हे सुरू झालं की तुम्ही परत भांडायलाच गेलात.

मन पळतं म्हणून वाईट वाटून घेऊ नका. हार्वर्डच्या किलिंग्सवर्थ आणि गिल्बर्ट यांनी २०१० मध्ये लोकांना दिवसभरात अवचित फोनवर विचारलं, आत्ता तुमचं मन कुठे आहे? जवळजवळ ४७ टक्के वेळा ते हातातल्या कामावर नव्हतं. आणि भरकटलेलं असताना माणसं कमी आनंदी होती. म्हणजे पळणं सगळ्यांचंच आहे. व्यायाम आहे तो परत येण्याचा. वीस वेळा पळालं तर वीस वेळा व्यायाम झाला.

डोळे मिटून बसलं की जुन्या धक्क्याच्या, अपघाताच्या आठवणी अंगावर येतात असं असेल, तर एकट्याने हे करू नका.

आणि ज्यांना बसवतच नाही त्यांच्यासाठी खाण्याची वाट आहे. कबात-झिन यांच्या वर्गात एक मनुका देतात आणि तो पाहून, हुंगून, जिभेवर फिरवून, सावकाश चावून खायला लावतात. आपल्याकडे लिलो चिवडो आहे. एक मूठ घ्या. बटाट्याचा मऊपणा, डाळीचा करकरीतपणा, मिरची नेमकी कुठे लागते, गोडी कधी येते, आणि मनुका सापडलाच तर तो शेवटी. एका मुठीला तीन मिनिटं. टेबलावर फाइल उघडी ठेवून डबा रिकामा करण्यापेक्षा पोटालाही बरं.

शांत जागा हवी असेल तर दांडिया बाजारातच अरविंद निवास आहे. कमाटीबाग आहेच, पण सकाळी लवकर जा. रविवारी संध्याकाळी तिथे मन शोधायला गेलात तर लहान मुलांच्या गाडीखाली सापडेल.

जाता जाता एक. लेले आणि अरविंद बसले त्याच सुमारास, १९०८ मध्ये, अमेरिकेत यर्क्स आणि डॉडसन हे दोघे उंदरांना विजेचे झटके देत होते. त्यांना दिसलं की काम अवघड असेल तर मध्यम झटक्याने उंदीर सगळ्यात लवकर शिकतो. फार सौम्य झटक्याने सुस्त, फार जोराच्या झटक्याने गोंधळलेला. म्हणून वीस तारखेचा थोडा ताण मी ठेवते. तो पूर्ण गेला तर माझ्या ऑफिसात पंचवीस तारखेपर्यंत कुणी फाइल उघडणार नाही.

"पॉझिटिव्ह राहा" याबद्दल

सकाळी सहाला सूर्योदयाच्या चित्रावर सुविचार पाठवणाऱ्या नातेवाइकांवर माझा राग नाही, पण ते म्हणजे सकारात्मक मानसशास्त्र नव्हे. ज्याचं दुकान पुरात बुडालं त्याला "पॉझिटिव्ह राहा" म्हणणं हा उद्धटपणा आहे. मार्टिन सेलिगमन १९९८ मध्ये अमेरिकन मानसशास्त्र संघटनेचे अध्यक्ष झाले तेव्हा त्यांनी प्रश्न मांडला, की आपण आजारच अभ्यासत आलो, माणसं बरी कशाने राहतात हे कधी तपासणार? त्यातून जे निघालं त्यातलं एक अगदी घरगुती आहे. रात्री झोपण्याआधी त्या दिवशीच्या तीन चांगल्या गोष्टी लिहायच्या आणि प्रत्येकीपुढे ती का घडली ते लिहायचं. सेलिगमन आणि सहकाऱ्यांच्या २००५ च्या प्रयोगात लोकांना हे एकच आठवडा करायला सांगितलं होतं. सहा महिन्यांनंतरही त्यांच्यात फरक दिसला, विशेषतः ज्यांनी ते आपणहून चालू ठेवलं त्यांच्यात.

सगळी गंमत त्या "का"मध्ये आहे आणि लोक नेमकं तेच गाळतात. माझ्या वहीतल्या एका वीस तारखेच्या तीन ओळी अशा आहेत. "मांडवीच्या साडीवाल्या भाईंनी बिलं पंधरालाच पाठवली. का? मागच्या महिन्यात त्यांना गुजरातीत यादी लिहून दिली होती." "सासूबाईंनी न सांगता गवार निवडून ठेवली. का? त्यांना आता वीस तारीख पाठ झाली आहे." "सूरसागरवर वारा होता. का? ते वाऱ्याला ठाऊक, पण मी रिक्षा केली नाही म्हणून मला लागला." पहिल्या ओळीने मला काम दिलं, बाकीच्या दुकानदारांनाही यादी दिली. दुसऱ्या ओळीने आठवण दिली, की सासूबाईंना तसं बोलून दाखवायचं राहिलंय.

रोज रोज लिहिलं की ते हजेरीपटासारखं होतं. कृतज्ञतेच्या अशा यादीवर सोन्या ल्युबोमिर्स्की यांच्या प्रयोगात आठवड्यातून एकदा लिहिणाऱ्यांना फायदा दिसला, तीनदा लिहिणाऱ्यांना दिसला नाही. म्हणून पहिला आठवडा रोज, नंतर फक्त रविवारी. ज्या दिवशी तीन सापडत नाहीत त्या दिवशी एक लिहा. ओढून ताणून आनंद आणू नका.

तारखेच्या आसपास

हे सगळं करूनही अठरा, एकोणीस, वीस हे दिवस जड जाणारच. म्हणून ते आधीच हलके करायचे. घरातल्या कॅलेंडरवर माझ्या तारखा लाल पेनने आहेत. त्या तीन दिवसांत पाहुणे नाहीत, दाताचा डॉक्टर नाही, माळा साफ करणं नाही. स्वयंपाकात खिचडी-कढी, आणि वीसच्या रात्री बाहेरची सेव-उसळ. घरच्यांना ताणाचं कारण माहीत असलं की ते तुमचा तुसडेपणा स्वतःवर ओढवून घेत नाहीत.

दुपारी चारनंतर चहा बंद. कॅफिन निम्मं उतरायला साधारण पाच तास लागतात, म्हणजे सहाच्या चहाचा अर्धा भाग अकरालाही अंगात जागाच असतो. अंथरुणात वीसेक मिनिटं झोप आली नाही तर उठून दुसऱ्या खोलीत बसा, मंद दिव्यात काहीतरी कंटाळवाणं वाचा. आमच्याकडे जीएसटीचे नियम आहेत.

मुदतवाढीच्या अफवा वाचू नका. "आज रात्री सर्क्युलर येणार" हा मेसेज दर जुलैत येतो. मुदत वाढली तर वाढली, आपण मात्र ती वाढणार नाही असंच धरून काम करायचं. अर्धवट आशेवर थांबलेल्या माणसाला विश्रांतीही मिळत नाही आणि कामही होत नाही.

काही वर्षी नवरात्र नेमकं ३० सप्टेंबरच्या तोंडावर येतं. बडोद्यात त्या नऊ रात्री कुणाला थांबवून धरणं हा गुन्हा आहे. आमच्या मुली चणिया-चोळीची पिशवी घेऊनच ऑफिसला येतात. मी त्यांना साडेसातला सोडते आणि सकाळी तासभर लवकर बोलावते. रात्री दोन तास शेकडो लोकांबरोबर एका तालात फिरून आलेली मुलगी दुसऱ्या दिवशी ताळेबंद जास्त नीट जुळवते, असं माझं पक्कं मत आहे.

एवढ्याने भागत नसेल तेव्हा

छातीत दाबल्यासारखं दुखतंय, दुखणं डाव्या हाताकडे किंवा जबड्याकडे जातंय, घाम फुटलाय, तर श्वास मोजत बसू नका. १०८ ला फोन करा. तो ताणच असेल तर डॉक्टर सांगतील.

नुसती धडधड, थकवा, झोप नाही असं बरेच दिवस चाललं तर आधी आपल्या नेहमीच्या डॉक्टरांकडे जा. थायरॉइड, रक्तदाब, अंगात रक्त कमी असणं, यांचंही रूप असंच दिसतं.

आणि तारीख उलटून गेली तरी गोळा उतरत नाही, दोन आठवडे झाले तरी उदास वाटतंय, आवडीच्या गोष्टीत रस नाही, खाणं-झोप बिघडली आहे, कामावर जाववत नाही, तर हा वीस तारखेचा ताण राहिलेला नाही. मानसोपचारतज्ज्ञाला दाखवा. बडोद्यात सयाजी हॉस्पिटलमध्ये मानसोपचार विभाग आहे, कारेलीबागेत सरकारी मानसिक आरोग्य रुग्णालय आहे. तिथे कुणी पाहील म्हणून लाजणारे खूप भेटतात. पाहणाराही तिथे काही कामानेच आलेला असतो.

जीव नकोसा वाटण्याचे विचार येत असतील, स्वतःच्या किंवा घरातल्या कुणाच्या मनात, तर थांबू नका आणि त्या माणसाला एकटं सोडू नका. केंद्र सरकारची टेलि-मानस ही सेवा ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे. नंबर १४४१६, फुकट, दिवसरात्र. मराठीत बोलता येतं, गुजरातीतही.

डॉक्टरकडे जाताना काळजीची वही बरोबर न्या. काय होतंय असं विचारलं की आपल्याला ऐन वेळी काही सुचत नाही, किंवा गोळा गोळा एवढंच सांगून आपण उठतो. वहीत झोप किती वाजता लागली, मध्ये किती वेळा जाग आली, धडधड कोणत्या वेळी झाली, चहा किती, कुठल्या गोळ्या चालू आहेत, हे आठवडाभराचं लिहिलेलं असलं की त्यांचं काम सोपं होतं. तारखा मात्र नीट टाका.